पान्हा आणि पाहुणे

१८ नोव्हेंबर

काल दुपारी देवरीच्या ग्रामीण रुग्णालयात दुर्गेश्वरीला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. मीही बरा आहे, पण मला कुणी विचारलेलं नाही.

ही डायरी जानेवारीत पशुखाद्याच्या एजंटाने दिली होती. आजवर ती चहाचा कप ठेवायच्या कामी आली. घरात मूल आलं की बापाने काहीतरी लिहून ठेवावं असं वाटलं, म्हणून पुसून घेतली. गावात माझं दूध संकलन केंद्र आहे, लोक त्याला डेरी म्हणतात. म्हणजे ही डेरीवाल्याची डायरी. हा विनोद मी दुर्गेश्वरीला सांगितला. ती झोपली होती.

गावातल्या बहुतेक गोठ्यांचं दूध सकाळ-संध्याकाळ माझ्या हाताखालून जातं. कुणी पाणी घातलं हे मशीन सांगायच्या आधी मला फेसावरून कळतं. तेव्हा या इंद्रकुमारच्या घरात दुधाची चिंता कुणी करू नये, असं मी वॉर्डात सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

पहिलं दूध आलं ते थोडंसं, घट्ट आणि पिवळं. आई म्हणाली, "पिळून टाक ते बाई. नऊ महिन्याचं साचलेलं होय."

दुर्गेश्वरी म्हणाली, "आई, म्हैस व्याली का तिचा चीक फेकता का तुमी?"

"म्हशीचा कायले फेकू? त्याचा तर खरवस करतो आपन."

"मंग माझ्या पोरीचा काऊन फेकू?"

आई म्हणाली म्हशीचं वेगळं असते. काय वेगळं असते ते तिने सांगितलं नाही. नर्सबाई म्हणाल्या, एवढाच पुरतो, तिचं पोट अजून बोराएवढं आहे. मुलीने चीक प्यायला. शकुंतलाबाईंनी, म्हणजे आईने, तोंड फिरवलं आणि रात्रीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मी काहीच केलं नव्हतं.

२० नोव्हेंबर

घरी आलो. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सासूबाई पाय मोडून बसल्या आहेत, म्हणून मान आमच्याकडे आला.

खाट कुठे टाकायची यावर थोडं झालं. आई म्हणाली मागच्या खोलीत, बाळंतीण तिथेच बसवतात. मी म्हटलं, ते जुन्या काळी. अंधारात कोंडून ठेवायचे दिवस गेले, आपण सुधारलेली माणसं. मी खाट समोरच्या खोलीत टाकली. तिथे हवा आहे, उजेड आहे, टीव्ही आहे आणि मोबाईलला रेंजही आहे. डेरीची खिडकी त्याच खोलीत उघडते, त्यामुळे दूध मोजता मोजता माझं लक्षही राहतं. दूध घालायला आलेल्यांना बाळही बघता येतं. शेजारची नंदाबाई म्हणाली, "असा नवरा पायजे."

संध्याकाळी जवळपास सगळं गाव येऊन गेलं. मुलगी या हातातून त्या हातात फिरली. रडली की बाया म्हणत, "भुकेजली," आणि तिला आईजवळ देऊन पाहत बसत. दुर्गेश्वरी पदर ओढून भिंतीकडे तोंड करून बसते. भिंतीवर कॅलेंडर आहे, ते बघत असावी.

२१ नोव्हेंबर

गोठ्याची वेगळीच काळजी आहे. गेल्या महिन्यात बाजारातून आणलेली भुरी म्हैस परवा व्याली आणि आता पान्हा चोरते. कास भरलेली, पण धार निघत नाही. लोक अशा वेळी जनावराला मारतात. मी मारत नाही.

आजपासून गोठ्याचे नियम केले. माझ्या आणि आईच्या शिवाय आत कुणी जायचं नाही. रोजचीच लुंगी नेसायची, नव्या कपड्याचा वास नको. मोबाईल बाहेर ठेवायचा. पारडू तिच्या तोंडापुढे बांधायचं, तिला चाटू द्यायचं. समोर सरकीची ढेप ठेवायची, पाणी ठेवायचं, पाठीवर हात फिरवायचा आणि मग वाट बघायची. दूध तिच्याजवळ असतंच. भेदरलेलं जनावर ते सोडत नाही, एवढंच. हे गावातल्या अर्ध्या लोकांना अजून कळलेलं नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

समोरच्या खोलीत आज बसायला जागा उरली नाही. नंदाबाईकडून खुर्च्या आणल्या.

२३ नोव्हेंबर

मुलगी फार रडते. आलेली प्रत्येक बाई एकच सांगते की दूध पुरून नाही राहिलं. उपाय मात्र वेगवेगळे. नंदाबाई म्हणते भात बंद करा, तिची जाऊ म्हणते भातच द्या. दुर्गेश्वरी दोघींचं ऐकून आज नीट जेवलीच नाही.

आईने घुट्टी सुरू केली आहे, वरून बडीशेपेचं पाणी. घुट्टी दिली की मुलगी शांत झोपते, दूधसुद्धा मागत नाही. आईचा हात चांगला आहे.

मी या प्रश्नाचा धंद्याच्या पद्धतीने विचार केला. आधी माल तपासावा. डेरीतली नमुन्याची छोटी बाटली उकळून, पुसून दुर्गेश्वरीकडे नेली. तिने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, फॅट तरी कळेल. ती बघतच राहिली. मी बाटली परत आणून जागेवर ठेवली.

तरी कापडावर सांडलेला थेंब माझ्या नजरेला पडला होता. पातळ, निळसर. मी म्हटलं, "पातळ आहे." खरं ते सांगणं हा माझ्या धंद्याचा पाया आहे. ती भिंतीकडे वळली आणि रडली. मलाही वाईट वाटलं, पण खोटी फॅट मी कुणालाच लावत नाही.

दुपारी देवरीला जाऊन पावडरच्या दुधाचा डबा आणला. अजून फोडलेला नाही. फळीवर ठेवला आहे. सगळे येता-जाता त्याच्याकडे बघतात.

२५ नोव्हेंबर

उपकेंद्राच्या रीना सिस्टर वजन करायला आल्या. मुलीला झोळीत घालून काट्याला टांगलं. जन्मापेक्षा बरंच कमी भरलं. त्यांनी पुन्हा टांगलं. तेवढंच भरलं.

सिस्टर म्हणाल्या, सुरुवातीला थोडं उतरतं, पण इतकं नाही, आणि आता चढायला लागायला हवं होतं. "पुढच्या मंगळवारी पुन्हा करीन. चढलं नाई तर गोंदियाले नेऊन भरती करा लागेल. अन् मधात सुस्त पडली, प्यायची थांबली, लघवी कमी झाली, तर मंगळवारची वाट नोका पाहू. लगेच दवाखान्यात न्या. लघवी किती वेळा करते?"

खोलीत आम्ही बरेच जण होतो. एकाही माणसाला माहीत नव्हतं. मला भीती वाटली. डेरीतली वीज जाऊन टाकीभर दूध नासलं होतं तेव्हाही एवढी वाटली नव्हती.

मग सिस्टरनी मुलीला पाजायला लावून पाहिलं. मी दाराकडे तोंड करून उभा होतो, पण ऐकू येत होतं. "नुसतं टोक तोंडात आहे तिच्या. तोंड मोठं उघडू दे. हनुवटी छातीले टेकली पायजे. तो काळा भागही तोंडात गेला पायजे. अशी. दुखत असेल तर ओढू नोको, बोट घालून सोडव अन् पुन्हा लाव." मग म्हणाल्या, "अवं, भेगा पडल्या न तुले! काऊन नाई सांगितलं?"

"कोनाले सांगू?" दुर्गेश्वरी म्हणाली. "सारे तर बसूनच असतात."

तिला सांगायला वेळ मिळाला नसावा.

सिस्टरनी भेगांना पाजून झाल्यावर स्वतःचंच दूध लावून वाळू द्यायला सांगितलं. घुट्टी बंद. बडीशेपेचं पाणी बंद, साधं पाणीसुद्धा बंद. रडायची वाट बघायची नाही, मुलगी मुठी चोखायला लागली, तोंड इकडे-तिकडे वळवायला लागली की लगेच घ्यायचं, दिवस असो की रात्र. पाजून झाल्यावर उरलेलं हाताने काढून वाटी-चमच्याने द्यायचं. डब्याची आत्ता गरज नाही, लागला तर डॉक्टर सांगतील.

मी दूध पातळ असल्याचं त्यांच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "पहिले पातळच येते, तहान भागवायले. मंग घट्ट. एक बाजू पुरी पिऊ द्या, मंग दुसरी."

हे तर मला माहीत होतं! म्हशीची पहिली धार पातळ असते, फॅट सगळी शेवटच्या धारेत. शेवटची धार घरी ठेवून पहिली डेरीला आणणारे लोक मी दर आठवड्याला पकडतो. आणि बायकोला मी पहिल्या थेंबावर नापास केलं. चूक झाली. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

जाताना सिस्टर म्हणाल्या, तिला निवांत बसू द्या. मी ताबडतोब टीव्हीचा आवाज बंद केला. चित्र चालू ठेवलं, कारण माझा चुलतभाऊ केशोराव बघत होता.

२६ नोव्हेंबर

केशोरावचं घर दोन गल्ल्या सोडून आहे, पण राहतो आमच्याकडेच. आज सकाळी भुरीच्या अंगावर हात फिरवून फिरवून जरा धार सुरू झाली होती, तेवढ्यात तो गोठ्याच्या दारात येऊन मोठ्याने म्हणाला, "का भाऊ, सोडून राहिली का दूध?" झालं. म्हशीने पाय आपटला आणि कास आकसली.

मला संताप आला. मी म्हटलं, "अक्कल आहे का तुले? पाजत्या जनावराजवळ असं येते का कोनी? डोळ्यापुढं उभा राहून विचारतोस दूध सोडते का! कशी सोडंल?"

तो खजील झाला. चांगला माणूस आहे, मलाच वाईट वाटलं. म्हटलं, जा, समोरच्या खोलीत बस, चहा पाठवतो.

मुलगी दिवसभर चिडचिड करत होती. नीट लागते, दोन-चार घोट घेते आणि सोडून रडते. सिस्टरनी दाखवलं तसंच दुर्गेश्वरी करते. केशोराव म्हणाला, "का वहिनी, पिऊन राहिली का?" त्यालाही काळजी आहेच. मंगळवार जवळ येतो आहे.

२७ नोव्हेंबर

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

सकाळी दूध घालणाऱ्यांची गर्दी होती. मुलगी रडत होती. दुर्गेश्वरीने घेतलं, मुलीने सोडलं, पुन्हा घेतलं, पुन्हा सोडलं. नंदाबाई म्हणाली, आटलंच असेल. तिची जाऊ म्हणाली, चेहऱ्यावरूनच दिसते. आईने फळीवरून डबा काढला आणि म्हणाली, "लेकरू मरायची वाट पाहून राहिले का तुमी?" केशोराव म्हणाला, त्याचा भाचा डब्यावरच वाढला आणि आता लठ्ठ झाला आहे. कुणीतरी गरम पाणी आणलं. मी चमच्याची दांडी झाकणाखाली घातली.

दुर्गेश्वरी उठली. मुलीला छातीशी धरलं, स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बाहेर गेली. मला वाटलं मोरीत गेली असेल. ती गोठ्यात गेली आणि आतून कडी लावली.

मी मागे धावलो. दार वाजवलं. म्हटलं, "दुर्गेश्वरी, म्हैस बिथरंल."

आतून आवाज आला, "नाई बिथरत. तिले मी आवडते."

"बाहेर ये. बाळंतीण गोठ्यात बसते का? लोक का म्हणतील?"

"लोकायले अठी यायची बंदी आहे न? तुमीच केली. मंग अठीच बसते मी. म्हशीजवळ कोनी जायचं नाई. म्हशीले कोनी विचारायचं नाई. म्हशीपुढं चारा ठेवायचा, पानी ठेवायचं, आंगावरून हात फिरवायचा." मग ती म्हणाली, "मले बायको समजू नोका जी. म्हैस तरी समजा."

माझ्यामागे सगळे येऊन उभे होते. मी दाराला टेकून उभा राहिलो. आत मुलगी रडत होती, मग कुरकुरायला लागली, मग गप्प झाली. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. आणि मग गिळल्याचा आवाज आला. एक घोट, थोडं थांबून दुसरा, मग सावकाश, एका लयीत. हा आवाज ओळखण्यात माझी चूक होत नाही. आयुष्यभर ऐकलेला आहे.

मला लाज वाटली. इतकी वाटली की मागे वळून लोकांकडे बघवेना. गावभर पान्ह्याची अक्कल वाटत फिरणारा माणूस मी, आणि माझ्या घरात माझ्याच बायकोला मी भरबाजारात बसवलं होतं.

वळलो आणि सगळ्यांना म्हटलं, घरी जा. केशोराव म्हणाला, "चहा?" मी म्हटलं, "घरी."

दुपारी मागच्या खोलीतली धानाची पोती काढली, जाळी झाडली, भिंत पुसली, खाट तिथे टाकली. खिडकी आहे, ती उघडली. आई दारात उभी होती. "मी पहिल्याच दिवशी सांगून राहिली होती," म्हणाली. मी म्हटलं, हो. "सुधारलेले," आई म्हणाली आणि पोतं उचलायला लागली.

२९ नोव्हेंबर

नवे नियम चालू आहेत. बाळाला बघायला येणाऱ्यांनी अंगणात बसायचं. बाळ झोपलेलं असलं तर नाही दिसणार, जागं असलं तर पिणार, म्हणून तेव्हाही नाही दिसणार. नंदाबाईला राग आला आहे. खुर्च्या परत घेऊन गेली. चांगलं झालं.

दुर्गेश्वरी पाजायला बसली की जवळ पाण्याचा तांब्या ठेवायचा, पाठीशी उशी द्यायची आणि निघून यायचं. जेवण तिचं आधी, मग आमचं. भातही खाते, भाजीही खाते. तिला झोप लागली की मुलगी माझ्याकडे. सिस्टरनी सांगितल्याप्रमाणे सदरा काढून उघड्या छातीवर ठेवतो, वरून चादर. ती माझ्याही छातीवर तोंड घासते. मी तिला खरी परिस्थिती सांगतो. लंगोट मी धुतो. काल धुतलेले वाळायच्या आत पुढचे ओले होतात, दोरी अपुरी पडते आहे. सिस्टर म्हणाल्या होत्या की हे चांगलं लक्षण. मी आणखी एक दोरी बांधली.

डबा अजून फळीवर आहे. आज आई तो हातात घेऊन उभी होती. मला वाटलं पुन्हा भांडण. ती म्हणाली, "तुले गाईच्या दुधावर वाढवलं मी. ठाऊक आहे न?"

म्हटलं, ठाऊक आहे. तुझं दूध पुरलं नव्हतं.

"सारे तसंच म्हनत होते," आई म्हणाली. "तुझी आजी, तुझ्या आत्या, साऱ्याजनी. रोज पुढ्यात बसून म्हनत. मंग आटलंच."

डबा तिने परत ठेवला, यावेळी मागे, मेथीच्या डब्यामागे, आणि लाडवाची मेथी निवडायला बसली. मी तिच्याजवळ बसून थोडी मेथी निवडली. तिने ती पुन्हा निवडली.

२ डिसेंबर

मंगळवार. दूध मोजताना दोघांची नावं उलटी लिहिली.

रीना सिस्टर आल्या, थेट मागच्या खोलीत गेल्या. मी, आई आणि दारापर्यंत येण्याची परवानगी मिळालेला केशोराव बाहेर उभे. झोळीचा हूक वाजला. काटा स्थिर व्हायला किती वेळ लागतो हे मला चांगलं माहीत आहे, तरी मी देवाचं नाव घेतलं.

"आलं," सिस्टर म्हणाल्या. "जन्माचं वजन भरून वर थोडं चढलं. नाई न्यायची गोंदियाले."

आईने पदर डोळ्याला लावला. मीही रडलो. डायरीत खोटं कशाला लिहायचं.

सिस्टरनी सांगितलं, असंच चालू द्या, सहा महिने फक्त आईचं दूध. आई म्हणाली, "पानीबी नाई?" सिस्टर म्हणाल्या, "पानीबी नाई." आई म्हणाली, "उन्हाळ्यात?" सिस्टर म्हणाल्या, "उन्हाळ्यातबी." आईने हे जड मनाने मान्य केलं. मग सिस्टरनी विचारलं, या आठवड्यात केलं काय नेमकं? आई म्हणाली मेथीचे लाडू. केशोराव म्हणाला त्याने आमच्या इकडच्या प्रतापगडच्या महादेवाला नवस बोलला होता. मी खोली हवेशीर असल्याचं सांगितलं.

दुर्गेश्वरी म्हणाली, "काई नाई केलं जी. सारे बाहेर बसले."

सिस्टर गेल्या. आई ही बातमी घेऊन नंदाबाईकडे गेली, केशोराव आईच्या मागे गेला. मी तांब्या भरून खाटेजवळ ठेवला, उशी सरकवली आणि नेहमीप्रमाणे निघालो. मुलगी पीत होती. दुर्गेश्वरीचं तोंड आज भिंतीकडे नव्हतं.

"दार लावून घ्या," ती म्हणाली.

मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून दार ओढायला लागलो.

"अंदरून, जी," ती म्हणाली.